झोंबी, पण कुस्तीतली नव्हे: बेळगावच्या शहापुरातल्या माग-शेडमधली एक रात्र आणि तेवीस मतं

गल्लीच्या ग्रुपवर मी टाकलेला मेसेज एका ओळीचा होता: "शनिवारी रात्री साडेआठला झोंबी पिक्चर. चहा-चिरमुरे आपल्याकडून." पहिला घोळ ह्या ओळीनंच केला. आमच्या गल्लीतले निवृत्त मास्तर इस्त्रीचा सदरा घालून सगळ्यांच्या आधी येऊन पुढच्या खुर्चीवर बसले. आनंद यादवांच्या 'झोंबी'वर कुणीतरी चित्रपट काढलाय, अशी त्यांची समजूत. त्यात त्यांची काही चूक नव्हती. निपाणीच्या पुढं नाका ओलांडला की यादवांचं कागल. १९८७ सालचं ते पुस्तक, १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार, आणि मास्तरांनी त्यातली पानंच्या पानं वर्गात वाचून दाखवलेली. तालमीतली दोन पोरं आली होती ती कुस्तीचा पिक्चर असणार म्हणून. मला म्हणायचा होता तो इंग्रजी भयपटातला झोंबी, माणसांवर धावून येणारा. म्हणजे बसलेल्या तेवीसांपैकी तिघं भलत्याच चित्रपटाला आले होते. प्रेक्षकांच्या मतांबद्दल लिहायचं तर इथूनच सुरुवात केलेली बरी.

शेड आमचंच. वडिलांच्या काळात इथं सहा माग चालायचे. शहापूर-वडगावातल्या बऱ्याच घरांसारखे आमचेही एकेक करून विकले गेले. शेवटचा एक कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून आहे. समोरची भिंत चुन्यानं रंगवली की झाला पडदा. महिन्यातून एकदा शेजारीपाजारी जमतात, कुणी खुर्ची आणतं, कुणी सतरंजी. दिवसा मी पतसंस्थेत हिशेब बघतो, हे धंदे रात्रीचे.

चित्रपट निवडला मी. पोरांची मागणी होती की ह्या वेळी "खरा" झोंबीपट पाहिजे. २०१३ चा 'गो गोवा गॉन' त्यांनी कधीच पाहिलेला, २०२२ चा आपला 'झोंबिवली'ही झालेला. पण त्या दोन्हींत हसायला येतं, ही त्यांची तक्रार. म्हणून मी डॅनी बॉयलचा '२८ डेज लेटर' काढला. ब्रिटनमध्ये तो २००२ च्या नोव्हेंबरात आला, पटकथा अॅलेक्स गार्लंडची, लांबी दोन तासांच्या आत. प्राण्यांवरचे प्रयोग थांबवायला निघालेले काही जण केंब्रिजच्या प्रयोगशाळेतून चिंपांझी सोडवायला जातात आणि त्यातून संतापाचा एक विषाणू बाहेर पडतो. अठ्ठावीस दिवसांनी लंडनच्या एका दवाखान्यात सायकलवरून टपाल पोचवणारा जिम बेशुद्धीतून जागा होतो. बाहेर कुणीच नाही. पुढं त्याला सेलिना आणि मार्क भेटतात, मग फ्रँक आणि त्याची मुलगी हॅना, आणि शेवटी मँचेस्टरजवळच्या एका वाड्यात लष्कराची एक तुकडी.

माझी चूकही इथंच लिहून टाकतो. ब्रिटनमध्ये ह्या चित्रपटाला अठरा वर्षांवरच्यांसाठीचं प्रमाणपत्र आहे, हे मला माहीत होतं. मेसेजमध्ये ते टाकलं नाही. शेडमध्ये चौदा वर्षांचा एक मुलगा चिरमुऱ्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेला दिसत होता, तरी मी दिवे घालवले.

मी चिठ्ठ्या वाटल्या होत्या. कसा वाटला, एक ते पाच गुण द्या, वाटल्यास दोन शब्द लिहा. ह्या चिठ्ठ्या अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत आणि त्यांचा काडीचा उपयोग नाही. "बरा आहे." "ठीक." "साऊंड मस्त." मास्तरांनी लिहिलं, "चित्रपट पाहिला." तीन आणि चार गुणांचा नुसता पाऊस. आमच्याकडं ज्याच्या घरी चहा प्यायचा त्याच्या पिक्चरला नावं ठेवायची पद्धत नाही. गुणांची सरासरी काढली असती तर ती माझ्या चहाची निघाली असती. एकाच चिठ्ठीवर "१" होता, खाली एक शब्द नव्हता. ती मागच्या दारच्या काकूंची, आणि त्या तर अर्ध्यातून उठून गेल्या होत्या.

रविवारी सकाळी त्या मुलाचे वडील दारात आले. पोरगं रात्रभर झोपलं नव्हतं. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं, पण ते शांतपणे बोलले. "तुम्ही बघितला हुता की आधी, मग सांगायचं न्हवं?" ह्याला उत्तर नव्हतं. मी माफी मागितली आणि मुलाशी बोलू का म्हणून विचारलं. तो आला, उंबऱ्यावर बसला. कशाची भीती वाटली, रक्ताची का? तर नाही. त्या धावून येणाऱ्या लाल डोळ्यांच्या माणसांची? तीही नाही. जिम रिकाम्या पुलावरून "हॅलो" म्हणत चालतो, तिथं त्यानं मान खाली घातली होती. "दादा, आपली गल्ली तशीच हुती की. मी खिडकीतनं बघायचो." २०२० च्या मार्चमध्ये हा दुसरी-तिसरीत असेल.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की प्रश्नच चुकला होता. मग पुढचे चार दिवस मी गल्लीत भेटेल त्याला एकच विचारत सुटलो: मान कुठं वळवलीत? आणि लोक बोलायला लागले.

आमच्यात लग्नाचं शूटिंग करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांची मान कुठंच वळली नव्हती. ते दोन तास फक्त चित्राकडं बघत होते. पिक्चर चालू असताना मागून कुणीतरी ओरडलं होतं, "प्रोजेक्टरची काच पूस की!" कारण चित्र खरखरीत, कडा विरलेल्या. ह्यांनी मात्र अंधारातच ओळखलं. "हे आपल्याच जातीचं टेप दिसूलालंय." बरोबर होतं. चित्रपटाचा बहुतेक भाग कॅनन एक्सएल-१ ह्या कॅमेऱ्यावर, मिनी डीव्ही टेपवर घेतलेला आहे. एके काळी लग्नाची मिरवणूक ज्या टेपवर उतरायची तेच हे टेप. मी त्यांना कारण सांगितलं: रिकामं लंडन दाखवायला पहाटे थोडी थोडी मिनिटं गाड्या थांबवून घ्यायच्या, तेवढ्यात मोठा कॅमेरा मांडून होत नाही, हे लहान कॅमेरे एका वेळी चार ठिकाणी उभे करता येतात. ते खूश झाले आणि लगेच म्हणाले, "मग शेवटी कसं काय धुतल्यासारखं झालं?" हे मलाही पहिल्या वेळी कळलं नव्हतं. शेवटचा डोंगरातल्या घराचा भाग ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर आहे. हिरवळ एकदम हिरवी होते ती त्यामुळं. माझ्या मते ह्या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत जाणकार मत हेच, आणि त्यांच्या चिठ्ठीवर होतं "ठीक".

मास्तरांची तक्रार वेगळी. त्यांना भीती वाटलीच नव्हती, उलट जरा कंटाळा आला होता. "अरे, आपल्याकडच्या भुताला ठावठिकाणा असतो. मुंजाला पिंपळ, हडळीला विहीर, वेताळाला त्याचं रान. आणि मागणं असतं. कुणाची सोडमुंज राहिली, कुणाचं जेवण राहिलं. नारळ दिला, कोंबडं दिलं, की वाट सोडतं. ह्यांना काय पाहिजे तेच कळेना. खातही नाहीत." खरंच आहे, ह्या चित्रपटातली बाधित माणसं खात नाहीत, ती शेवटी उपासमारीनं रस्त्यावर पडून राहतात. मास्तर म्हणाले, "मग ते बिचारेच की रे." पण मान कुठं वळवलीत विचारल्यावर थोडे घुटमळले. बोगद्यात टॅक्सीचं चाक पंक्चर होतं आणि अंधारातून उंदरांचा लोंढा बाहेर येतो, मागच्या धोक्यापासून पळत. "उंदीर पळाले तेव्हा मी चपला पायात घातल्या." १८९६ ला मुंबईत प्लेग आला, तिथून तो रेल्वेनं, पायी असा इकडंही उतरला. मास्तरांच्या आजोबांनी त्यांना सांगितलं होतं: घरात उंदीर मरून पडला की गाव उठायचं, रानात खोपटी बांधून राहायचं, पाऊस असो की थंडी. आजोबांच्या काळातल्या ऐकीव गोष्टीनं १९९६ सालच्या चपला पायात चढल्या. मास्तरांनी चपलांचं साल मुद्दाम सांगितलं, म्हणून लिहिलं.

पोरांचा वाद निराळाच, आणि तो शनिवारी रात्री साडेबारापर्यंत कट्ट्यावर चालला होता. "हे मेलेलेच न्हवं, तर झोंबी कसले?" १९६८ च्या जॉर्ज रोमेरोच्या चित्रपटापासून जो झोंबी रूढ झाला तो मढं आहे, सावकाश चालतो, माणसं खातो. गंमत म्हणजे त्या चित्रपटात झोंबी हा शब्द कुणी उच्चारतच नाही. इथं मात्र जिवंत माणसं आहेत, आजारी आहेत आणि पळतात. एका गटाचं म्हणणं, पळणारा झोंबी म्हणजे फसवणूक. दुसऱ्याचं म्हणणं, चालणाऱ्याला कोण घाबरतंय, त्यापेक्षा आमच्या गल्लीतली कुत्री बरी. ह्या वादातून हाती काही लागलं नाही. लागणारही नव्हतं.

कुत्र्यांचा विषय निघाला तेव्हा तिथं सिस्टर होत्या. खानापूर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात त्या काम करतात, शनिवार-रविवार माहेरी येतात. चित्रपटातला विषाणू रक्तातून, लाळेतून जातो आणि दहा-वीस सेकंदांत माणूस पालटतो, ह्यावर त्या वैतागल्या होत्या. "लाळेतनं जातो तो रेबीज. पण तो दहा सेकंदांत न्हवं, दोन-तीन महिन्यांनी वर येतो. कधी आठवड्यात, कधी वर्षानं. म्हणून तर लोक फसतात. काही झालं नाही म्हणून सुई घेत नाहीत, आणि लक्षणं दिसली की मग कुणाच्या हातात काही राहत नाही." मग त्यांनी कट्ट्यावरच्या पोरांना चांगलंच फैलावर घेतलं: कुत्रं चावलं तर हळद-चुना लावायचा नाही, वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि थेट दवाखाना गाठायचा. चिंपांझीवरून माकडतापही निघाला. १९५७ मध्ये शिवमोग्याच्या क्यासनूर रानात सापडलेला हा ताप आता गोव्याच्या सत्तरी आणि कोकणातल्या दोडामार्गच्या बाजूनं आमच्या घाटापर्यंत ओळखीचा झालाय. सिस्टर म्हणाल्या, पिक्चर बघून उद्या कुणी माकडाला दगड मारेल. ताप पसरवते गोचीड, आणि माणसाकडून माणसाला तो जात नाही. ह्या सगळ्याला चित्रपटाविषयीचं मत म्हणायचं का? मी म्हणतो. त्यांची मान वळली होती ती प्रयोगशाळेतले चिंपांझी दिसतात त्या पहिल्याच प्रसंगात, आणि पुढचा पिक्चर त्यांनी ड्युटीवर असल्यासारखा पाहिला.

सुभेदारसाहेबांशी बोलायला मी जरा कचरत होतो. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त. बेळगावात ह्या पलटणीचं केंद्र आहे, आणि इथं फौजेबद्दल बोलताना माणूस आपसूक नीट बसतो. वाड्याभोवतीच्या तारा, पेरलेले सुरुंग, रात्रीचे दिवे बघून त्यांनी अंधारात मान डोलावलेली मी पाहिली होती. पुढं त्या तुकडीचा प्रमुख मेजर वेस्ट जिमला सांगतो की शिपायांना जगायला काहीतरी आशा हवी, म्हणून त्यानं त्यांना बायका देण्याचा शब्द दिलाय. रेडिओवरून माणसांना बोलावलं ते ह्यासाठी. तिथं सुभेदारसाहेब उठले आणि बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले.

"अधिकारी असं बोलतच नाही," ते मला म्हणाले.

मी म्हटलं, "म्हणजे ते खोटं दाखवलंय?"

बराच वेळ त्यांनी मिशीला हात लावला नाही, एरवी सारखा लावतात. "खोटं हाय असं म्हणालो नाही. दाखवायला नको हुतं, म्हणालो."

आणि नेमक्या त्याच जागेबद्दल कॉलेजच्या तिघी मैत्रिणी काय म्हणाल्या बघा. बोगदा, चर्च, दारावरच्या धडका, ह्यात त्या खिदळत होत्या, मी ऐकत होतो. सेलिना आणि हॅनाला शिपाई झगे घालून तयार व्हायला सांगतात, तिथं हसू थांबलं. "तिथनं पुढं आम्ही तिघी एकमेकींच्या जवळ सरकलो. त्यांना रोग झाल्ता, ह्यांना काय झाल्तं?" मी सुभेदारसाहेबांचं म्हणणं त्यांना सांगितलं. तिघींतली एक म्हणाली, "काका उठून बाहेर जाऊ शकले. आम्ही उठलो असतो तर सगळ्यांनी वळून बघितलं असतं." ही गोष्ट मला गुणांच्या चिठ्ठीतून शंभर वर्षांत कळली नसती. सुभेदारसाहेब आणि ह्या तिघी, सगळ्यांची मान एकाच ठिकाणी वळली, एकाला ते दाखवायला नको होतं आणि तिघींच्या मते खरा पिक्चर तिथंच सुरू झाला.

आता काकू. काकूंची "१" मला झोपू देत नव्हती म्हणा. त्या उठून गेल्या तो प्रसंग असा: रात्री एका घरात बाधित शिरतात, झटापट होते, मार्कच्या दंडावर जखम दिसते. ते रक्त त्याचं की दुसऱ्याचं, हे विचारण्याच्या आतच सेलिना कोयता उचलते. तो "थांब" म्हणत असतो. काही क्षणांपूर्वीपर्यंत दोघं एकमेकांचे सोबती होते. शेडमध्ये पोरांनी शिट्टी मारली. इंग्रजी ओळी वाचून काकूंना मराठीत सांगायला एक पोरगा शेजारी बसवला होता, तो म्हणाला, "काकू, तिला मारावंच लागलं." काकूंनी पदर खोचला आणि गेल्या.

बाकी बहुतेकांना सेलिना बरोबर वाटली होती. सिस्टरनाही. "दुसरा उपाय नव्हता" हे वाक्य मला पाच-सहा जणांकडून ऐकायला मिळालं, जवळपास ह्याच शब्दांत. काकूंकडं मी सगळ्यात शेवटी गेलो. त्या अंगणात सांडगे उलटत होत्या.

"तिनं विचारलं तरी का त्याला?" एवढंच म्हणाल्या, वर न बघता.

काकूंचा मुलगा पुण्यात कामाला. २०२० च्या मे महिन्यात तो निघाला, कर्नाटकच्या हद्दीवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर अडकला, पुढं गावाकडच्या शाळेत चौदा दिवस ठेवला. काकूंचं सासर खानापूरकडचं, तेव्हा त्या तिथंच होत्या. पुढच्या वर्षी महाराष्ट्रातून येणाऱ्यांना आरटीपीसीआरचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय त्या नाक्यावरून सोडत नव्हते, ते सगळ्यांना आठवतं. पण आधीच्या वर्षी नाक्यापेक्षा गावाच्या वेशीवरचे काटे जास्त टोचले. ज्यांच्या घरी काकूंनी बाळंतपणं केली त्यांनी रस्त्यात आडवी लाकडं टाकली. "आल्यावर पाणी पिलास काय म्हणून कोण विचारलं नाही. ताप हाय काय, तेच." मुलाला काही झालेलं नव्हतं. चौदा दिवसांनी तो घरी आला आणि जेवला. एवढीच गोष्ट. पण ज्या पोरांनी शनिवारी शिट्टी मारली त्यांत लाकडं टाकणाऱ्यांचे भाचे-पुतणेही असणार, हे काकूंना ठाऊक होतं आणि मला नव्हतं.

ह्यानंतर मी तीन गोष्टी बदलल्या. प्रमाणपत्र काय आहे ते आता मेसेजच्या पहिल्या ओळीत टाकतो, आणि चिठ्ठ्या बंद. शेडचं मागचं दारही उघडं ठेवतो, म्हणजे ज्याला उठायचंय त्यानं पडद्यासमोरून जायला नको. हे त्या तिघींचं सुचवणं. त्या मुलाच्या वडिलांनी पुढच्या महिन्यात स्वतःच त्याला आणून सोडलं, पण आधी पिक्चरचं नाव विचारून आणि घरी स्वतः बघून.

काकूंना मी त्या दिवशी राहिलेली गोष्ट सांगितली, सांडगे उलटता उलटता. जिम-सेलिनाला पुढं फ्रँक भेटतो, टॅक्सीवाला, पोरीला घेऊन एका उंच इमारतीत राहणारा. सगळे मिळून मँचेस्टरला जातात. वाटेत मोकळ्या रानात घोडे पळताना बघतात. नाक्यावर पोचतात तर तिथं कुणी नसतं. वर एका मढ्यावर कावळा बसलेला, तो टोच मारतो, आणि रक्ताचा एक थेंब खाली फ्रँकच्या डोळ्यात पडतो.

काकूंचा हात थांबला. "मग?"

मग त्याला कळतं. पोरगी जवळ यायला बघते, तो तिला लांब हो म्हणून ओरडतो, ढकलतो. तुझ्यावर माझा जीव आहे म्हणतो आणि पुन्हा लांब हो म्हणतो. तेवढ्यात शिपाई येतात आणि गोळ्या घालतात.

"बापानंच सांगितलं? जवळ येऊ नको म्हणून?"

"व्हय."

काकूंनी उरलेली ओळ उलटली. "आमचा पण शाळेच्या गेटातनं हेच ओरडूलाला हुता. आई, हितं येऊ नको, तिकडंच थांब. मी डबा दगडावर ठेवून आले." मग पदराला हात पुसून म्हणाल्या, "पोरगी जगली काय?"

जगली म्हटलं. डोंगरातल्या घरात तिघं जण चादरी शिवून मोठ्ठी अक्षरं करतात, वरून जाणाऱ्या विमानाला दिसावीत म्हणून.

"काय लिवतात?"

"हॅलो."

"बस?" काकू म्हणाल्या, आणि कावळ्याला हाकलायला उठल्या, तो सांडग्यांवर आला होता.